जवळचे गाव कोणते?

शास्त्रभाग : अनुवाद २१:१–९; ईयोब २:११–१३



२०२५ साली गुरुदत्त यांची जन्मशताब्दी झाली. वर्तमानपत्रांत पुष्कळ लेख आले, आणि आमच्या आदिलाबादच्या बायबल वर्गातही प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी तोच विषय निघाला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बायको घरी असती तर माणूस वाचला असता." दुसरे म्हणाले, "सिनेमा पडला, तेव्हाच तो संपला." तिसऱ्यांनी एका नटीचे नाव घेतले. पाच मिनिटांत तीन आरोपी उभे राहिले! आमच्यात एक विधवा भगिनी बसल्या होत्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी असेच झोपेच्या गोळ्या व दारू यांमुळे रात्रीतून गेले. त्या कप खाली ठेवून उठून गेल्या. त्यांच्या उठून जाण्यामुळे हा पाठ लिहावा लागत आहे.

आधी घडले ते पाहू. गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ चा, बंगलोरचा. सिनेमाचे काम ते शिकले ते पुण्याच्या प्रभात कंपनीत. 'प्यासा' १९५७ चा. 'कागज के फूल' १९५९ साली आला व पडला, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव कोठेही लावले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी सकाळी मुंबईत पेडर रोडवरील आपल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. वय अवघे ३९. झोपेच्या गोळ्या व मद्य ही दोन्ही पोटात होती. पूर्वी त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला होता, असे निकटवर्ती सांगतात; उलट ही केवळ चूक होती, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे होते. खरे काय ते ठरले नाही व आता ठरायचेही नाही.

पत्नी गीता दत्त तेव्हा मुलांसह वेगळ्या राहत होत्या. त्या रात्री मुलीला भेटायला पाठवण्यावरून दूरध्वनीवर बोलणे झाले व ते वादात संपले, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. हे एकच संभाषण लोकांनी साठ वर्षे उगाळले. गीताबाईंना पतिनिधनानंतर मानसिक आघाताने ग्रासले, पैशाची ओढाताण झाली, त्याही मद्याच्या आहारी गेल्या, आणि २० जुलै १९७२ रोजी यकृताच्या विकाराने वारल्या, वयाच्या ४१ व्या वर्षी. पहिल्या मृत्यूचा दोष कोणाचा, यावर एवढी शाई खर्च झाली; त्या आठ वर्षांत गीताबाईंजवळ कोण बसले होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढेच त्यांचे काम चांगले झाले. बोलायला तोंड उघडले आणि ते फिर्यादी झाले.

मग जबाबदारी कोणाचीच नाही काय? तसे म्हणता येत नाही. मायकेल जॅक्सनचे उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला होता, म्हणून आपल्याकडेही हे नाव घराघरांत ठाऊक आहे. २५ जून २००९ रोजी तो लॉस एंजलिस येथे वारला. प्रोपोफॉल हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे औषध. ते देताना श्वासावर व हृदयावर सतत लक्ष ठेवावे लागते. त्याचे खाजगी डॉक्टर कॉनराड मरे हे औषध त्याला झोप यावी म्हणून रात्रीमागून रात्री घरीच देत होते. २०११ साली न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल चार वर्षांची शिक्षा दिली. पुढे जॅक्सनच्या आईने कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीवर दावा केला. डॉक्टरला कंपनीनेच नेमले, हे २०१३ साली ज्यूरीने मान्य केले. परंतु ज्या कामासाठी नेमले त्या कामास तो अपात्र नव्हता, म्हणून कंपनी सुटली. न्यायालयाचे माप असे अरुंद असते, व तसेच असावे. परंतु कायद्याने सुटलेला माणूस घरी जाऊन स्वस्थ झोपू शकतो काय, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हे.

येथे अनुवादातील तो चमत्कारिक विधी उपयोगी पडतो. रानात प्रेत सापडले, मारणारा कोण ते कळत नाही. तेव्हा वडील व न्यायाधीश यांनी भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे, तेथील वडिलांनी कालवड घेऊन वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात जायचे, तिच्यावर हात धुवायचे व हे रक्त आम्ही पाडले नाही असे म्हणायचे. यहूदी शास्त्र्यांनी मिश्नामध्ये यावर विचारले आहे : वडीलच खुनी असतील, अशी शंका तरी कोणाला आली असती काय? मग हे म्हणायचे कशाला? त्यांचे उत्तर असे की, तो वाटसरू आमच्याकडे आला असता आम्ही त्याला अन्नावाचून लावले नाही, सोबतीवाचून एकटा सोडला नाही, हे वडिलांना छातीवर हात ठेवून सांगता यावे. खुनी सापडेपर्यंत गावाने थांबायचे नाही. अंतर आधी मोजायचे, आणि ते आपल्या वेशीपासून.

आपल्या वेशीपासून मोजू. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-१' या यादीत आहेत. चिठ्ठीवाचून ती विकू नयेत, डॉक्टरांचे व रोग्याचे नाव वहीत लिहावे, वही तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. तरी कोणाच्या घरी अर्धी पट्टी पडलेली नाही? दारूही श्वास मंदावते, गोळीही मंदावते. दोन्ही मिळून तो थांबवू शकतात. आणि रोज घेणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येतात, हेही ध्यानात ठेवावे. अल्प्राझोलाम मिसळलेली ताडी २०१५ साली तेलंगणात बंद केली गेली, तेव्हा आमच्या दक्षिणेस निजामाबादेत पुष्कळ माणसे असे हाल सोसत रुग्णालयात आली. म्हणून सोडणेही डॉक्टरांच्या हाताखालीच, हळूहळू. मनच बसले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीत, तेलुगुतही.

आता माझे अंतर. त्या भगिनींच्या यजमानांना झोप येत नसे. कापसाला भाव नव्हता, कर्ज होते. उपासनेनंतर ते माझ्याशी बोलले, आणि मी म्हणालो, "मला अमुक गोळी लागू पडते, घेऊन पाहा." नाव कागदावर लिहूनही दिले. ते पितात हे मला ठाऊक होते. त्यांचे कर्ज किती, रात्री मनात काय येते, हे मी विचारले नाही. जेवायची वेळ झाली होती.

त्या उठून गेल्यावर आठ दिवसांनी पत्नीला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बराच वेळ काही बोलता येईना. मग त्याच म्हणाल्या, "भाऊ, दुकानातून पट्टी मीच आणली होती. हे मी कोणालाच सांगितले नाही."

मी त्यांना कागदाची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "अक्षर ओळखले होते." नंतर उठून त्यांनी चहा ठेवला. पुढच्या गुरुवारपासून माझी पत्नी त्यांच्याकडे बसायला जाते. कधी मीही जातो. बायबल वर्गाला त्या अजून आलेल्या नाहीत.