ऑपरेशननंतरचा ‘शेक’: बिल मशीनचं आणि दिवसांचं

मूत्रवाहिनीचा किंवा मूत्रपिंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग असला की सहसा त्या बाजूचं मूत्रपिंड, अख्खी मूत्रवाहिनी आणि ती जिथे मिळते तो मूत्राशयाचा तुकडा काढतात. त्यानंतर रेडिएशन, म्हणजे ‘शेक’, सरसकट लागत नाही.

आधी गरज विचारा. २०२० साली ब्रिटनमधल्या ‘पाउट’ चाचणीचे निष्कर्ष आले. तेव्हापासून रोग खोलवर गेला असेल किंवा लसिकाग्रंथींत पोचला असेल, तर ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत केमो देण्याकडे कल आहे. रेडिएशनला तेवढा भक्कम पुरावा नाही. कापलेल्या कडेला रोग उरला असेल तर त्याचा विचार होतो. त्यामुळे बायोप्सी रिपोर्टमधली ‘मार्जिन’ची ओळ डॉक्टरांकडून समजून घ्या आणि उरलेल्या एका मूत्रपिंडाला किती किरण लागतील, तेही विचारा.

मग कोटेशन. साधारण २५ ते २८ सिटिंग, आठवड्याला पाच. मोठ्या खासगी रुग्णालयांत आयएमआरटीचं (रोगाच्या आकारानुसार किरणांची तीव्रता बदलणाऱ्या रेडिएशनचं) पॅकेज बहुधा दीड-दोन लाखांच्या पुढे जातं. सिम्युलेशन सीटी (आखणीसाठीचं स्कॅन), प्लॅनिंग, रोजचं इमेजिंग आणि दर आठवड्याच्या सीबीसी-क्रिएटिनिन या रक्ततपासण्या त्यात धरल्यात की वेगळ्या, हे लेखी घ्या. पोटावर काढलेल्या खुणा आंघोळीत पुसू देऊ नका. मशीनखाली रोज त्यांच्याच आधारे झोपवतात.

दिवसांचा खर्च. २८ सिटिंग म्हणजे सुट्ट्या धरून जवळजवळ सहा आठवडे. बाहेरगावच्या रुग्णाने खोलीभाडं, जेवण आणि सोबत्याचा बुडालेला रोज वेगळा मांडावा. घराजवळच्या केंद्रात तीच सोय असेल तर हा खर्च वाचतो.

पैसे कुठून?
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: रेशन कार्ड आणि आधार घेऊन संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी उपचारांआधी लागते. स्वतः भरलेलं बिल नंतर परत मिळेल असं धरू नका.
- आरोग्य विमा: रेडिएशन सहसा डे-केअरमध्ये बसतं. पूर्वमंजुरी संपूर्ण कोर्सची मागा.
- रेल्वे: उपचारांसाठीच्या प्रवासात कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं माफ, सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.
- प्राप्तिकर: जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत वजावट, ज्येष्ठ रुग्णासाठी एक लाख. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.

प्रत्येक पावतीवर रुग्णाचं नाव, तारीख आणि शिक्का काउंटर सोडण्याआधीच तपासा.