न दिसणाऱ्या दुकानाची पारख
(इयत्ता सहावी व सातवी, नागरिकशास्त्र, गणित व मातृभाषा यांचा समन्वय)

आठवड्याच्या बाजारात गेलेला कुणबी मडके घेताना त्यावर टिचकी मारतो, घोंगडी ताणून पाहतो, ज्वारीचे चार दाणे दाताखाली फोडतो आणि मगच पैशाची गोष्ट काढतो. ही परीक्षा त्याला कोणी शाळेत शिकविलेली नसते. शिवाय माल विकणारा मनुष्य पुढच्या बाजारीही त्याच झाडाखाली बसणार आहे, हे त्याला ठाऊक असते. माल हाती आणि माणूस ओळखीचा, अशा दोन जामिनांवर गावचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मोबाइलच्या पडद्यावरून होणाऱ्या खरेदीत हे दोन्ही जामीन एकदमच नाहीसे होतात. मालाचे केवळ चित्र दिसते आणि विकणाऱ्याचे तर तेही दिसत नाही. बहुतेक दुकाने खरी असतात, हे खरे. पण त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच रंगाची पाटी लावून, खोटी दुकानेही उभी राहतात.

हा विषय प्राथमिक शाळेत कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाच्या डोळ्यांसमोर आहे. कित्येक घरांत फोनवरील मजकूर वाचून दाखविण्याचे काम सहावी-सातवीतील मुलाकडे असते. बाप म्हणतो, “बघ रे, पंप केवढ्याला म्हणतात?” आणि मूल बटन दाबते. त्या घरापुरते ते मूलच मुनीम असते. पेरणीच्या तोंडावर गेलेले पाचशे रुपये ही त्या घराला लहान रक्कम नव्हे. आणि पैसे गेल्यावर बोल लागतो तो पुष्कळदा मुलालाच. यास्तव ही पारख त्याला वेळीच दिली पाहिजे.

पाठापूर्वी आठवडाभर मुलांना आपापल्या घरची रिकामी वेष्टने, खोकी, बियाण्यांच्या पिशव्या व जुन्या पावत्या आणावयास सांगावे. वर्गात इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. खडू, फळा आणि ही वेष्टने एवढ्यावर पाठ उत्तम होतो.

आरंभ गणिताने करावा. शिक्षकाने फळ्यावर लिहावे : ‘बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. मूळ किंमत ३,००० रुपये. आज फक्त ४९९ रुपये. सवलत संपण्यास १० मिनिटे उरली.’ सवलत शेकडा किती, हे मुलांनी काढावे. ती सुमारे ८३ टक्के येते. मग विचारावे, की पंपातील नुसत्या बॅटरीला तालुक्याच्या दुकानात काय पडते, आणि एवढे मोठे खोके दूरच्या शहरातून गावी आणण्यास भाडे किती लागेल? ही चौकशी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडे करून यावी. स्वस्त वस्तू म्हणजे खोटी वस्तू असे नाही, हेही येथेच स्पष्ट करावे; हंगाम संपल्यावर खरा दुकानदारही भाव उतरवितो. प्रश्न एवढाच, की एवढी सवलत देऊन विकणाऱ्याच्या हाती काय उरते? याचे उत्तर सापडत नसेल, तर तो पंप विकतच नाही, केवळ पैसे गोळा करीत आहे, असे समजण्यास जागा आहे.

दुसरे गणित याहून बोधप्रद आहे. अशा दुकानाने १,००० माणसांना ४९९ रुपयांना फसविले, तर एकूण किती? ४,९९,००० रुपये. पाच लाखांची एक चोरी झाली असती, तर गावभर गवगवा होऊन फौजदार आला असता. एक हजार छोट्या चोऱ्यांची वाच्यता कोणी करीत नाही. ‘जाऊ दे, पाचशेच गेले’ या वाक्यावरच हा धंदा चालतो. दहा मिनिटांचे घड्याळ किंवा ‘केवळ दोनच नग शिल्लक’ ही पाटी यांचाही हेतू तोच, की खरेदीदाराने शेजारच्या शहाण्या माणसाला विचारावयास जाऊ नये.

यानंतर पत्ता वाचण्यास शिकवावे. पाठाचा हा गाभा होय आणि त्यास दोन तासिका गेल्या तरी हरकत नाही. संकेतस्थळाचा पत्ता मुले डावीकडून वाचतात व पहिला ओळखीचा शब्द दिसताच थांबतात. फसविणारा नेमका याचाच लाभ घेतो. फळ्यावर दोन पत्ते लिहावेत : ‘अमुकबाजार डॉट कॉम’ आणि ‘अमुकबाजार डॉट सवलतमेळा डॉट शॉप’. दोन्ही पत्ते अमुकबाजाराचेच, असे वर्ग एकमुखाने सांगेल. मग पोस्टाच्या पाकिटावरील पत्त्याची आठवण द्यावी. पाकिटावर आधी नाव, मग गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा येतो. टपाल कोठे जावयाचे हे शेवटच्या ओळींवरून ठरते. संकेतस्थळाचे तसेच आहे. आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या अलीकडे उलट वाचीत यावे. शेवटचे दोन शब्द हेच दुकानाचे खरे नाव. दुसऱ्या पत्त्यातील शेवटचे शब्द ‘सवलतमेळा डॉट शॉप’ आहेत. म्हणजे मालक सवलतमेळा, अमुकबाजार नव्हे. ज्याच्या ताब्यात सवलतमेळा आहे, त्याला त्याच्या आधी वाटेल ते नाव जोडता येते. आपल्या घरातील खोलीला कोणी ‘कलेक्टर कचेरी’ असे नाव दिले म्हणून तेथे कलेक्टर बसत नाहीत. पत्त्याचा शेवट ‘को डॉट इन’ किंवा ‘गव्ह डॉट इन’ असा असल्यास मात्र शेवटचे तीन शब्द घ्यावेत, हा अपवाद हुशार मुलांस सांगावा.

एखादे अक्षर बदलून केलेली नक्कल ओळखणे हा शुद्धलेखनाचाच पाठ समजावा. नावात एका ‘ल’च्या जागी दोन, किंवा रोमन ‘ओ’च्या जागी शून्य, अशी लबाडी असते. शिक्षकाने एक खरा व चार नकली शब्द लिहून मुलांकडून चुका हुडकून घ्याव्यात. श्रुतलेखनास कंटाळणारी मुलेही यात रमतात.

येथे एका गैरसमजाचे निराकरण अवश्य करावे. पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे दुकान विश्वासाचे, असे पुष्कळ सुशिक्षितांनाही वाटते. वस्तुतः त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की खरेदीदाराने पाठविलेला मजकूर वाटेत तिसऱ्यास वाचता येणार नाही. पाकीट चिकटविलेले आहे. पण ते ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे, असे चिकटविलेले पाकीट सांगत नाही. चोरालाही असे कुलूप सहज मिळते.

दुकानाची कुंडलीही मांडता येते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनुसार अशा दुकानाने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क व तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर केले पाहिजे. तक्रार आल्यावर ४८ तासांच्या आत पोच देणे व एक महिन्याच्या आत निवारण करणे त्यास बंधनकारक आहे. जेथे केवळ एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक आढळतो आणि पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यावर आगाऊ मागितले जातात, तेथे थांबावे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कधी झाली, हेही कोणास पाहता येते. ‘तीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या दुकानाचे नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेले निघाले, तर त्या परंपरेचे मोल कळून येते. ग्राहकांचे अभिप्राय वाचताना ते सर्व एकाच दिवसाचे व एकाच वळणाचे आहेत काय, हे पाहावे. पंचवीस माणसे एकाच शब्दांत स्तुती करीत नाहीत. वर्गातील निबंधांत असे आढळले, तर शिक्षक काय समजतात?

दुकान खरे असले तरी माल खरा असेलच, असे मात्र नव्हे. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने देशातील दोन नामांकित ई-व्यापारी कंपन्यांस, आपल्या मंचावरून मानकचिन्हाविना प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल, प्रत्येकी एक लाख रुपये दंडाचे आदेश दिले. कुकर ही स्फोट होऊ शकणारी वस्तू आहे. बनावट माल म्हणजे कमी टिकणारा माल, एवढाच मुलांचा समज असतो. खोटे हेल्मेट पडण्याच्या वेळी फुटते, खोटी विजेची तार भिंतीत जळते, आणि या गोष्टी पावतीवर लिहिलेल्या नसतात.

आता आणलेली वेष्टने काढावीत. आय. एस. आय. चिन्ह शोधताना केवळ चिन्हावर समाधान मानू नये. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. कुकरसाठी २३४७, दुचाकीच्या हेल्मेटसाठी ४१५१. चिन्हाखाली ‘सी. एम. / एल.’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये घातला असता तो परवाना कोणाचा व कोणत्या वस्तूसाठी आहे हे समजते. क्रमांकाविना नुसते चिन्ह ही शोभा होय. खाद्यपदार्थावर चौदा अंकी एफ. एस. एस. ए. आय. क्रमांक असतो. सोन्याच्या दागिन्यावर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता व सहा अक्षर-अंकांचा एच. यू. आय. डी. या तीन खुणा असतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यास हा सहा स्थानांचा क्रमांक आवश्यक झाला असून तोही त्याच अ‍ॅपमध्ये पडताळता येतो. लग्नसराई असलेल्या घरांत ही माहिती मुलांकडून आपोआप पोहोचेल.

बियाण्यांचा विचार खेड्यात वेगळा केला पाहिजे, कारण खोट्या बियाण्याने पैसे तर जातातच, वर हंगामही जातो आणि तो कोणत्याही न्यायालयाकडून परत मिळत नाही. पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी व सत्यप्रत बियाण्यास हिरवी खूणचिठ्ठी असते, हे मुलांना पिशव्यांवर दाखवावे. परवानाधारक विक्रेत्याकडून पक्क्या पावतीने घ्यावे. पिशवी, चिठ्ठी व थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे, असे कृषी विभाग सांगत आला आहे. पावतीविना घरपोच आलेल्या पुडीच्या बाबतीत उद्या तक्रार कोणावर करावयाची, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून द्यावा.

वेष्टने पाहताना गावातल्या दुकानातीलच एखादी वस्तू नकली निघण्याचा संभव आहे. अशा वेळी दुकानदाराचे नाव वर्गात निघू देऊ नये. तो स्वतःच वरच्या व्यापाऱ्याकडून फसलेला असू शकतो; शिक्षकाने त्यास एकांतात सांगावे.

‘माल आल्यावर पैसे’ या पद्धतीत धोका कमी. पण तो मुळीच नसतो असे नाही. पुष्कळदा पैसे आधी द्यावे लागतात व खोके मागून उघडते. यास्तव खोके उघडताना चित्रफीत घ्यावी. पुढे पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. आणखी एक फसवणूक पहिलीच्या पाठोपाठ येते. त्रासलेला मनुष्य ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधतो आणि तेथेही चोराने पेरून ठेवलेला क्रमांक त्याच्या हाती लागतो. पलीकडचा गोड आवाज ‘पैसे परत मिळण्यासाठी पिन टाका’ असे सांगतो, किंवा एखादे अ‍ॅप उतरवून घ्यावयास लावून फोनचा ताबाच घेतो. पैसे घेण्यासाठी यू. पी. आय. पिन कधीही लागत नाही. तो केवळ देण्यासाठी लागतो. हे एक वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहू द्यावे.

फसवणूक झालीच तर मुलाने भीतीने गप्प बसू नये, हे शिक्षकाने आपल्या वागणुकीने शिकवावे. फसलेल्या पालकाचे उदाहरण देऊन वर्ग हसविणे तर सर्वथा टाळावे. कारण लाजेने गेलेला वेळच चोराच्या पथ्यावर पडतो. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार लवकर झाल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी खात्यात अडविता येण्याचा संभव असतो. वस्तू खोटी किंवा खराब आली आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतही बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दूरच्या शहरातील असला तरी तेथवर जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीस शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था १९७५ पासून महाराष्ट्रात हे काम करीत आहे, हे वरच्या वर्गातील मुलांस सांगण्यासारखे आहे.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने तक्रार-अर्जाचा एक मसुदा लिहावा : खरेदीची तारीख, दुकानाचा संपूर्ण पत्ता, दिलेली रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, आलेल्या वस्तूचे वर्णन आणि मागणी. पत्रलेखनाच्या तासाला ‘मामास पत्र’ लिहिण्याऐवजी हाच विषय द्यावा. मसुदे तपासून २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी पालकसभेत मुलांनीच वाचून दाखवावेत. जमविलेली वेष्टने खऱ्या व संशयास्पद अशा दोन पुठ्ठ्यांवर चिकटवून पुढील वर्षाच्या वर्गासाठी कपाटात ठेवावीत.