बंद घर घेण्याआधी वारस मोजा

कोकणातल्या मोहल्ल्यांत आज कुलूपबंद घरे जागोजाग दिसतात. मालक मुंबईला नाहीतर आखातात. इकडे कौले फुटलेली, वाशांना वाळवी. असे घर स्वस्तात घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा धंदा आमच्या तरुण वाचकांना खुणावतो. धंदा चांगला आहे. पण यात भांडवल बुडते ते बहुधा भिंतीत नव्हे, कागदात.

आम्ही दार उघडण्याआधी विचारतो : मूळ मालक मयत असेल तर मागे कोण कोण? समजा पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. आईबाप आधीच वारलेले. मुस्लिम वारसा कायद्याने, कर्ज वगैरे फिटल्यावर, पत्नीला दोन आणे, प्रत्येक मुलीला दोन आणे, प्रत्येक मुलाला चार आणे. म्हणजे दोन्ही भावांनी सह्या केल्या तरी तुम्ही घेतले ते आठ आणे घर! पैसे मात्र सोळा आण्यांचे मोजले. उताऱ्यावर बहिणींची नावे नसली म्हणून त्यांचा हक्क जात नाही. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. तोंडी शब्दावर जाऊ नये, मग ती सख्खी मामेबहीण का असेना.

वारस कुवेतला असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हावे लागते.

आता हिशेब. समजा घर 18 लाखांना घेतले, दुरुस्तीला 7 लाख, विक्री 30 लाख. लोक म्हणतात, पाच लाख सुटले. पण मुद्रांक व नोंदणी सव्वा लाख, दलाली साठ हजार, वर्षभराची राखण व किरकोळ खर्च साठ हजार. उरले दोन लाख पंचावन्न हजार, तेही कर भरण्याआधी. दुरुस्ती एकतृतीयांशाने वाढली (जुन्या घरात वाढतेच) तर हाती वीस-बावीस हजार. म्हणून दर खरेदीतच पाडून घ्यावा.

एक व्यवहार असेल तर 24 महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पमुदतीचा ठरतो. वरचेवर घरे फिरवलीत तर तो धंद्याचे उत्पन्न धरला जाऊ शकतो. करसल्लागाराला पहिल्या खरेदीआधीच भेटावे.

आणि घर उन्हाळ्यात पाहून बयाणा देऊ नये. जांभ्याची भिंत किती पाणी पिते ते श्रावणातच कळते. ती ओल रंगाखाली झाकून घर विकू नये. सहज न दिसणारा दोष गिऱ्हाइकाला सांगणे विक्रेत्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे.