‘अँड’च्या दोन्ही बाजूंना : इंग्रजी वाक्यातील विशेषणे व क्रियाविशेषणे

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासताना एक चूक आमच्या नजरेस वारंवार येते. ‘ती हळू आणि स्पष्ट बोलली’ हे वाक्य इंग्रजीत लिहावयास सांगितले, की कित्येक वह्यांत ‘शी स्पोक स्लोली अँड क्लिअर’ असे उत्तर सापडते. असे लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो, तो मराठीच्या वळणाने इंग्रजी लिहीत असतो. म्हणून या चुकीचे मूळ प्रथम मराठीतच शोधले पाहिजे.

मराठीत ‘सुंदर’ हा शब्द ‘सुंदर बाग’ येथे विशेषण आहे आणि ‘ती सुंदर गाते’ येथे क्रियाविशेषण आहे. काम बदलले तरी रूप बदलले नाही. इंग्रजीत मात्र बहुधा काम बदलताच रूप बदलते. नामाविषयी सांगावयाचे तर ‘ब्यूटिफुल’ आणि क्रियेविषयी सांगावयाचे तर ‘ब्यूटिफुली’.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या’ असे आपण सहज म्हणतो. ‘दृष्ट्या’ शेवटी एकदाच येतो, पण त्याचा लाभ ‘सामाजिक’ या शब्दालाही मिळतो. इंग्रजीतील ‘ली’ या प्रत्ययाला अशी वाटणी मान्य नाही. तेथे ‘सोशली अँड एज्युकेशनली’ असे दोन्ही शब्दांना तो स्वतंत्रपणे लावावा लागतो. आपले विद्यार्थी प्रत्यय एकाच शब्दाला लावून थांबतात, त्याचे हे एक कारण आहे.

नियम पहिला : काम समान असावे

‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ ही उभयान्वयी अव्यये तराजूच्या दांडीसारखी आहेत. दोन्ही पारड्यांत एकच काम करणारे शब्द हवेत. म्हणून ‘शी स्पोक स्लोली अँड क्लिअरली’ हे शुद्ध होय.

येथे रूपाकडे नव्हे, कामाकडे पाहावे. ‘ही वर्क्ड हार्ड अँड ऑनेस्टली’ या वाक्यात ‘हार्ड’ला ‘ली’ नाही, तरी वाक्य शुद्ध आहे, कारण ‘हार्ड’ येथे क्रियाविशेषणच आहे. त्याला ‘ली’ जोडून ‘हार्डली’ केले, तर ‘त्याने जेमतेमच काम केले’ असा उलटा अर्थ होईल. उलटपक्षी ‘फ्रेंडली’च्या शेवटी ‘ली’ असूनही ते विशेषण आहे. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली अँड पोलाइटली’ न म्हणता ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली अँड पोलाइट मॅनर’ असे म्हणावे.

नियम दुसरा : क्रियापद पारखून घ्यावे

‘इज’, ‘सीम’, ‘बिकम’ ही क्रियापदे कर्त्याला त्याच्या गुणाशी जोडतात. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’ हीदेखील पुष्कळदा तेच काम करतात. त्यांच्यापुढे विशेषण येते. ‘द रूम लुक्ड क्लीन अँड स्मेल्ड फ्रेश’ या वाक्यात स्वच्छता व ताजेपणा हे खोलीचे गुण आहेत, म्हणून ‘क्लीनली’ वा ‘फ्रेशली’ नको. परंतु ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला आणि ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर’ म्हणजे त्याने दाराकडे रागाने पाहिले. पहिल्यात गुण कर्त्याचा आहे, दुसऱ्यात रीत पाहण्याची आहे.

नियम तिसरा : शब्दाची पोच पाहावी

‘व्हेरी टायर्ड अँड हंग्री’ यातील ‘व्हेरी’ फक्त थकव्याला लागू आहे की भुकेलाही? ‘ओल्ड मेन अँड विमेन’ यात स्त्रियाही वृद्धच समजावयाच्या काय? आणि ‘रेड अँड व्हाइट फ्लॉवर्स’ म्हणजे प्रत्येक फूल तांबडे-पांढरे, की काही फुले तांबडी व काही पांढरी? व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते, निवड संदर्भाने करावी लागते.

फुलांपुरता हा प्रश्न गमतीचा वाटेल. पण हाच प्रश्न आपल्या संविधानाच्या एका कलमात उभा राहिला, तेव्हा त्यावर असंख्य विद्यार्थ्यांचे प्रवेश अवलंबून होते.

1951 साली पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 15 मध्ये चौथा खंड जोडला गेला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर देशाचे कायदामंत्री होते. या खंडात ‘सोशली अँड एज्युकेशनली बॅकवर्ड क्लासेस’ अशी शब्दयोजना आहे. तिची उकल करू. ‘क्लासेस’ हे नाम, ‘बॅकवर्ड’ हे त्याचे विशेषण आणि ‘सोशली’ व ‘एज्युकेशनली’ ही त्या विशेषणाची दोन क्रियाविशेषणे, ‘अँड’ने जोडलेली. आता तांबड्या-पांढऱ्या फुलांचा प्रश्न पुन्हा विचारा. एकच वर्ग दोन्ही दृष्टींनी मागासलेला असला पाहिजे, की काही वर्ग सामाजिकदृष्ट्या व काही शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले असले तरी चालेल?

म्हैसूर राज्याने 1962 मध्ये वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील 68 टक्के जागा राखीव ठेवल्या. त्या आदेशाविरुद्धचा ‘बालाजी’ खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात स्पष्ट करण्यात आले, की मागासलेपण यांपैकी कोणतेही एक असून भागणार नाही, ते सामाजिक आणि शैक्षणिक असे दोन्ही असले पाहिजे. आदेश रद्द होण्यास इतरही कारणे होती, परंतु एका ‘अँड’चा अर्थ त्या निकालाने निश्चित केला.

याच खंडात पुढे ‘ऑर’ येतो आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांचा उल्लेख स्वतंत्रपणे होतो. ‘सोशली अँड एज्युकेशनली’ या शब्दांची पोच ‘ऑर’च्या अलीकडेच संपते. पुढे 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीत ‘इकॉनॉमिकली वीकर सेक्शन्स’ असे शब्द आले. तेथे क्रियाविशेषण एकच आहे, म्हणून कसोटीही आर्थिक अशी एकच आहे. क्रियाविशेषण बदलले, की हक्काचा धनी बदलतो!

स्वाध्याय

पुढील वाक्ये शुद्ध करा.

1. शी सँग स्वीट अँड सॉफ्टली.
2. द मँगो टेस्ट्स स्वीटली अँड स्मेल्स नाइसली.
3. दे रॅन फास्टली अँड सायलेंटली.
4. द व्हिलेज इज सोशल अँड एज्युकेशनली बॅकवर्ड.

उत्तरे : पहिल्यात ‘स्वीटली’ हवे, कारण शब्द गाण्याची रीत सांगतो. दुसऱ्यात ‘स्वीट’ व ‘नाइस’ हवे, कारण दोन्ही गुण आंब्याचे आहेत. तिसऱ्यात ‘फास्ट’ हवे, ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. चौथ्यात ‘सोशली’ हवे, ते का, हे आता सांगावयास नको.

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी अर्ज लिहील, कोणी न्यायालयात उभा राहील, कोणी शासनाचा आदेश वाचून गावातील लोकांना त्याचा अर्थ सांगेल. तेव्हा ‘अँड’ दिसताच क्षणभर थांबा. त्याच्या अलीकडे काय आहे, पलीकडे काय आहे आणि कोणता शब्द कोठवर पोचतो, हे पाहा. परीक्षेतील दोन गुणांसाठी शिकलेली ही सवय पुढे कोणाच्या तरी हक्काच्या कामी येईल, असा आमचा विश्वास आहे.