थरथरत्या हातांना हलव्याचे दागिने

प्रश्न : संक्रांतीसाठी वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांकडून सजावट करून घ्यायची आहे. हात थरथरतात, म्हणून फक्त चित्रं रंगवायला द्यावीत का?
– एक कार्यकर्ती, सातारा

उत्तर : ताई, हात थरथरतात म्हणून बालवाडी नको! हलव्याचे दागिने करा. नातवाच्या बोरन्हाणाला ते केलेल्या आजी तुम्हालाच शिकवतील. मात्र एकेक दाणा दोऱ्यात गाठवणं नजरेला जड जातं. त्याऐवजी पुठ्ठ्याचे हार, बाजूबंद कापून द्या. त्यावर फेविकॉलने दाणे चिकटवायचे. हलवा काळ्या कापडावर पसरा, पांढरा दाणा चटकन दिसतो. आजोबांना पतंगांचं तोरण द्या, कागदाच्या घड्या त्यांना जमतात. विस्मरण असलेल्यांजवळ कुणीतरी बसाच. फेविकॉल लागलेला दाणा सहज तोंडात जातो. खायचा हलवा वेगळ्या वाटीत, तोही मधुमेहींना बेतानेच. दागिने रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मुंग्या येतील.