वॅटचा आकडा आणि त्यामागची अट



जळालेला रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक विरोध करणारा रोधक, बदलताना बहुतेक जण रंगपट्टे वाचून ओहम जुळवतात आणि वॅटच्या बाबतीत दुकानदार देईल ते घेतात. मोटारीच्या वायरिंगमध्ये नेमके हेच अंगाशी येते. रोधकात किती उष्णता निर्माण होणार, हे त्याचे ओहम आणि त्याच्या दोन टोकांमधला विद्युद्दाब ठरवतात. वॅटचा आकडा केवळ तो किती उष्णता न बिघडता बाहेर टाकू शकेल, याची मर्यादा सांगतो. पाव वॅटच्या जागी एक वॅटचा रोधक बसवला तरी उष्णता तेवढीच राहते. ती मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून तापमान कमी राहते, इतकेच.

मोटारीचे ‘बारा व्होल्ट’ही धरून चालण्याजोगे नसतात, कारण इंजिन सुरू असताना अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत असतो आणि दाब 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. सुमारे 2 व्होल्ट स्वतः घेणाऱ्या लाल एलईडीला 470 ओहमचा रोधक जोडला, तर 12 व्होल्टच्या हिशेबाने रोधकात 0.21 वॅट उष्णता होते आणि पाव वॅट पुरेसा वाटतो, 14.4 व्होल्टला मात्र, उष्णता रोधकाच्या वाट्याला येणाऱ्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ती 0.33 वॅट होते. शिवाय अशा रोधकांची वॅटची क्षमता साधारणतः भोवतालच्या 70 अंश सेल्सिअसपर्यंतच खरी असते व पुढे उतरत जाते. अकोला-नागपुरात मे महिन्यात हवाच कित्येकदा 45 अंशांवर जाते, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. येथे अर्ध्या वॅटवर न थांबता एक वॅटचा रोधक घ्यावा.

खरा घोळ इंडिकेटरमध्ये होतो. 21 वॅटचा बल्ब काढून एलईडी बसवली की प्रवाह घटतो, आणि बल्ब उडाला असे समजून फ्लॅशर भराभर उघडमीट करू लागतो; त्यावर तोड म्हणून 6 ओहम, 50 वॅटचा, सोनेरी ॲल्युमिनियमच्या अंगाचा रोधक एलईडीला समांतर जोडतात. 14 व्होल्टला त्यात 32 वॅटहून अधिक उष्णता होते, जी 50 च्या आत दिसते खरी, पण हा 50 चा आकडा रोधक उष्णता शोषणाऱ्या पुरेशा मोठ्या धातूच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवलेला असेल तरच लागू पडतो, आणि नुसता लोंबकळत ठेवल्यास क्षमता निम्म्याहूनही खाली येते. इंडिकेटर जवळपास निम्मा वेळ बंद असतो म्हणून निभावते. तोच रोधक ब्रेकलाइटला लावला आणि सिग्नलवर पाय ब्रेकवर राहिला, तर टेललॅम्पच्या प्लॅस्टिकला टेपने चिकटवलेला तो तुकडा 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही अधिक उष्णता ओकतो. वीज वाचवण्यासाठी एलईडी लावायची आणि वाचलेली वीज रोधकात जाळायची, हा व्यवहारही अजबच; त्यापेक्षा एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा.

उष्णतेचा हाच प्रश्न ब्लोअरमध्येही येतो. केबिनमध्ये हवा सोडणारा हा पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल, तर बहुधा त्याचा रोधक गेलेला असतो, कारण जुन्या पद्धतीच्या जोडणीत शेवटच्या नंबरला प्रवाह त्याला वगळून थेट मोटरला जातो. हा रोधक मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेला असतो, जेणेकरून ब्लोअरचाच वारा त्याला थंड ठेवील. म्हणून नवा टाकण्यापूर्वी केबिन फिल्टर धुळीने तुंबला आहे का ते पाहावे, आणि बॅटरीची तार काढून मोटर हाताने फिरवावी. ती जड लागली तर आधी मोटरचे काम करावे, कारण जड मोटर जास्त प्रवाह ओढते आणि वाराही कमी देते.