बोलण्याचा वेग कसा मोजावा?

उतईत आम्ही मराठी कॅडेट आपसांत बोलू लागलो की छत्तीसगढी मित्र म्हणतात, "किती भराभर बोलता!" आम्हालाही त्यांच्याबद्दल तेच वाटते. अनोळखी भाषेतले शब्द कानाला सुटे करता येत नाहीत, म्हणून ती वेगवान भासते. खरा वेग मोजूनच कळतो. शब्द मोजून भागत नाही. 'हो' आणि 'मैदानावर' दोन्ही एकेक शब्दच. म्हणून उच्चारातली अक्षरे मोजावीत.

उदाहरणार्थ: 'उद्या सकाळी सहा वाजता मैदानावर हजर राहा.' लिहिताना अक्षरे 20. पण बोलताना 'वाज्‌-ता', 'मै-दा-ना-वर्', 'ह-जर्' असे होते, उरतात 17. समजा, याला 4 सेकंद लागले आणि त्यात 1 सेकंद थांबा होता. थांब्यासह वेग सेकंदाला 4.25 अक्षरे, थांबा वगळून सुमारे 5.7. दोन्ही आकडे लिहावेत.

2011 साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रौढांचे वाचन मोजले. सेकंदाला जपानी 7.84, इंग्रजी 6.19, चिनी 5.18 अक्षरे. 2019 मध्ये 17 भाषांच्या अभ्यासात दिसले की माहिती मात्र सर्व भाषा जवळपास सारख्याच वेगाने पोचवतात, सेकंदाला सुमारे 39 बिट. भराभर बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या एका अक्षरात माहिती कमी असते.

वायरलेसवर हे लक्षात ठेवावे. समोरचा निरोप लिहून घेत असतो. अक्षरे ओढून लांबवू नयेत. दोन-तीन शब्दांनंतर थांबावे. सुट्टीत घरी आई-बाबांचे मिनिटभराचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून मोजून पाहा.